मेलच्या तळाशी घरचा पत्ता जातोय. तुम्ही कुठला पत्ता देता?

बाराखडी (एडिसन, न्यू जर्सी)

मंडळी, प्रश्न तसा छोटा आहे, पण दोन आठवडे डोक्यात भुंगा सोडून गेलाय, त्यामुळे थोडं पाल्हाळ सहन करा.

मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी वर्गातल्या ११ पालकांना दर शुक्रवारी 'बाराखडी' नावाचा एक मेल पाठवायला लागले. एक छोटी गोष्ट, पाच नवे शब्द, रंगवायला एक चित्र आणि 'ळ' कसा म्हणायचा त्याची ध्वनिफीत. त्या ११ चे ६४० कधी झाले कळलं नाही. जीमेलमधून बीसीसी करून पाठवणं जमेना, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मेल पाठवायच्या एका साइटवर खातं उघडलं. फॉर्ममध्ये पत्त्याचा रकाना होता. मला वाटलं बिलासाठी असेल. बँकेत भरतो तसा घरचा पत्ता भरून मोकळी झाले.

तो पत्ता सात आठवडे प्रत्येक मेलच्या तळाशी बारीक राखाडी अक्षरांत जात होता. मला दिसला नाही, कारण स्वतःचाच मेल शेवटपर्यंत कोण वाचतं?

कळलं ते असं. ऑक्टोबरातला शनिवार. आम्ही दोघं लेकाच्या सॉकरला गेलेलो, घरी सासूबाई एकट्या. बेल वाजली. दारात सत्तरीचे एक गृहस्थ, सोबत नातू. "बाराखडीवाल्या बाई इथंच राहतात ना?" मी एक सरावपुस्तिका विकते, १२ डॉलरला, पीडीएफ. यांना ती छापील हवी होती, आणि टपालखर्च कशाला म्हणून पिस्कॅटवेहून गाडी काढून आले होते. सासूबाईंनी त्यांना आत बसवलं, चहा केला, नातवाला चिवडा दिला. शिवाय घरात आत्ता कुणी नाही, पाचपर्यंत येतील, हेही सांगून टाकलं. आम्ही परतलो तेव्हा सोलापुरातल्या कुठल्याशा शाळेचे मास्तर कसे मारायचे यावर दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या.

माणूस अगदी देवमाणूस. पण रात्री मी आमचा पत्ता गूगलच्या नकाशात टाकून पाहिला. आमचं दार, दारापुढची गाडी, गवतात आडवी पडलेली लेकाची सायकल. त्या ६४० जणांपैकी फार तर साठ जणांना मी चेहऱ्याने ओळखते.

पत्त्याचा रकाना रिकामा ठेवला तर साइट मेल पुढे जाऊच देत नाही. मग काय करू? काहीतरी खोटा पत्ता ठोकून देऊ? आमची शाळा ज्या हायस्कुलात भरते तिथला देऊ? नवरा म्हणतो त्याच्या ऑफिसचा दे, पण त्याच्या एचआरला हे कोण समजावणार?

---

हिशेबी_काका

ताई, मी एका मंडळाची पत्रकं १२ वर्षं पाठवली. खजिनदार होतो, त्यामुळे कुणालाच नको असलेलं प्रत्येक काम माझ्या गळ्यात. म्हणून हे थोडं पाठ आहे.

तुमची साइट पत्ता मागते तो अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यामुळे. १ जानेवारी २००४ पासून तो लागू आहे. काही विकणाऱ्या किंवा जाहिरात करणाऱ्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा खराखुरा टपाली पत्ता असलाच पाहिजे, असं त्यात म्हटलंय. पोस्टातली पेटी चालते की नाही यावर सुरुवातीची काही वर्षं घोळ होता. २००८ साली फेडरल ट्रेड कमिशनने नियमात लिहूनच टाकलं की तीन पत्ते चालतील: तुमचा सध्याचा रस्त्यावरचा पत्ता, पोस्टात रीतसर नोंदवलेली पीओ बॉक्स, किंवा पोस्टाच्या नियमांत बसणाऱ्या खासगी दुकानातली पेटी. तिथे टाकलेलं पत्र तुमच्या हातात पडलं की झालं. तुम्ही रात्री कुठे झोपता ते सरकारने विचारलेलं नाही.

खोटा पत्ता नको. २०२५ च्या आकड्याप्रमाणे दंड एकेका मेलमागे ५३,०८८ डॉलरपर्यंत जाऊ शकतो. याला ६४० ने गुणायला बसू नका, रक्तदाब वाढेल. सरकार 'ळ' शिकवणाऱ्या बाईंच्या मागे धावत येणार नाही हे मलाही कळतं. पण साइटवाल्यांच्या लक्षात आलं तर ते खातं बंद करतील आणि तुमची यादी आत अडकेल.

हायस्कूलही नको. रविवारी चार खोल्या भाड्याने मिळाल्या म्हणजे तिथलं ऑफिस तुमची पत्रं जपून ठेवेल असं नाही.

आणि कुणी म्हणालं की "तुमचा मेल तर गोष्टीचा आहे, धंद्याचा नाही, तुम्हाला कायदा लागूच नाही", तर त्यात थोडं तथ्य आहे. मेलचा मुख्य हेतू काय, यावर ते ठरतं. पण खाली १२ डॉलरची पुस्तिका आली की वाद सुरू. आणि वाद जिंकलात तरी साइटच्या अटींत पत्ता सगळ्यांनाच सक्तीचा असतो. तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

---

प्लेनोकर

काकांना +१. मी चार वर्षं खासगी पेटी वापरतोय. (दिवाळीचे कंदील विकतो, सीझनल.)

सगळ्यांना वाटतं गेलो, पैसे भरले, किल्ली घेतली. तसं नाही. पोस्टाचा १५८३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, दोन ओळखपत्रं लागतात, आणि सही नोटरीसमोर किंवा त्या दुकानाच्या माणसासमोर करायची. माझ्या लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता होता, तेवढ्यावरून मला परत पाठवलं. मला महिन्याला २० डॉलरच्या आसपास पडतं.

फायदा असा की पत्ता रस्त्याचा दिसतो, पुढे पीएमबी (प्रायव्हेट मेलबॉक्स) किंवा # लावून नंबर. कुरिअरवाले पार्सल टाकतात. पीओ बॉक्सवर यूपीएस, फेडेक्स येत नाहीत. बारकोड लावलेले खोके परत येणार असतील तर हे महत्त्वाचं. ताई, तुमचं सगळं पीडीएफ आहे, तुम्हाला याची गरज नाही.

तोटा कुणी आधी सांगत नाही तो सांगतो. दुकान सोडलं की पोस्टात जाऊन "माझी पत्रं आता नव्या पत्त्यावर पाठवा" असा अर्ज करता येत नाही. पोस्टाच्या लेखी ती पेटी दुकानाची. पुढचे सहा महिने दुकानदाराने पाठवायचं, तेही तुमच्या पैशाने. त्यामुळे दुकान निवडताना भाडं बघण्याआधी ते किती वर्षं टिकून आहे ते बघा. माझं पहिलं दुकान दीड वर्षात बंद झालं. शटरवर चिठ्ठी होती, बस.

अजून एक. सबस्टॅक, किट यांच्यासारख्या काही साइटवर तळाशी तुमच्याऐवजी कंपनीचाच पत्ता ठेवता येतो. तुमच्या साइटवर तशी सोय आहे का ते आधी सेटिंगमध्ये बघा, फुकटात काम होईल.

चार वर्षांत त्या पेटीत मेलच्या संदर्भात आलेली पत्रं: दोन. एक राखी. एक ओहायोहून, हाताने लिहिलेलं, "कृपया माझे नाव यादीतून काढावे". मी कामाच्या दहा दिवसांच्या आत काढलं, नियम तसा आहे. वर उत्तरही लिहिलं. त्या बाई आता कंदील घेतात.

---

उगाच_एक

राग मानू नका, पण हे सगळं जरा जास्तच होतंय. आमच्या लहानपणी टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टरीत अख्ख्या मुंबईचे पत्ते असायचे, कुणी दरोडा घातला नाही. आणि एडिसनला घर स्वतःच्या नावावर असेल तर काउंटीच्या नोंदीत नाव-पत्ता दिसतोच की. ज्याला शोधायचंय तो शोधणारच. पेटीचे पैसे पोस्टाला कशाला?

---

आडवाटेची

उगाच, तुमचं म्हणणं समजतं. मीही दहा वर्षांपूर्वी हेच म्हणाले असते.

माझी धाकटी बहीण मेंदी काढते. कॅलिफोर्नियात. लग्न मोडून ती एका रात्रीत घरातून निघाली, दोन बॅगा आणि मुलगी. नवं गाव, नवं अपार्टमेंट, फोन नंबर नवा. सगळं बदललं. मेंदीच्या गिऱ्हाइकांना महिन्याला एक मेल जायचा, तेवढं तसंच चालू राहिलं, कारण त्यावरच घर चालत होतं. साइटने पत्ता अपडेट करायला सांगितलं, तिने केला. नवा.

यादीत तो होता. दुसऱ्याच नावाच्या ईमेलने, केव्हापासून कोण जाणे.

तीन आठवड्यांनी तिच्या दारात एक पाकीट आलं. टपालाने. आत काही नव्हतं. रिकामं पाकीट.

ती पुन्हा घर बदलून गेली. त्यानंतर कुणीतरी तिला राज्याच्या 'सेफ ॲट होम' योजनेबद्दल सांगितलं. तिथे खऱ्या पत्त्याऐवजी सरकारच एक पत्ता देतं. शाळा, लायसन्स, कोर्ट, सगळीकडे सरकारी कचेऱ्यांना तो मान्य करावा लागतो, आणि आलेली पत्रं ते पुढे पाठवतात. न्यू जर्सीतही अशी योजना आहे. ती सगळ्यांसाठी नाही, घरातली मारहाण, पाठलाग असल्या प्रकरणांतून गेलेल्यांसाठी आहे. पण धागा वाचणाऱ्यांत कुणाला गरज असेल म्हणून लिहिते.

काउंटीच्या नोंदीबद्दल: तिथे जाऊन शोधावं लागतं, आडनाव माहीत असावं लागतं, आणि भाड्याने राहणाऱ्याचं नाव तिथे नसतंच. मेलमध्ये आपण स्वतः तो पत्ता लोकांच्या हातात नेऊन देतो, दर शुक्रवारी.

---

उगाच_एक

माफ करा. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

---

बाराखडी

आडवाटेची, तुझा प्रतिसाद वाचून मी काल रात्री उठून दाराची कडी पुन्हा पाहून आले.

इथं नॉर्थ ब्रन्सविकला, आमच्यापासून फार लांब नाही, जुलै २०२० मध्ये न्यायाधीश एस्टर सालास यांच्या घरी एक माणूस कुरिअरवाल्याच्या वेषात गेला आणि त्यांच्या मुलाला, डॅनियलला, दारातच गोळी घातली. त्यानंतर त्याच्या नावाने न्यू जर्सीत कायदा झाला. न्यायाधीश, पोलीस अशांना आपले पत्ते नेटवरून काढायला लावता येतात. आपल्यासारख्यांना तो नाही. तेव्हा बातमी वाचून आम्ही हळहळलो होतो, आणि पाच वर्षांनी मी स्वतःच आपला पत्ता छापून वाटला.

प्लेनोकर, आमच्या साइटवर कंपनीचा पत्ता वापरायची सोय नाही, पाहिलं.

---

श्वाबेनची_सून (श्टुटगार्ट)

तुम्ही अमेरिकेतले लोक सुखी आहात हो! पीओ बॉक्स चालते म्हणे.

इथं जर्मनीत धंद्याच्या साइटवर 'इम्प्रेसुम' लागतं, म्हणजे नाव, पत्ता, संपर्क, कुणालाही सहज सापडेल असं. मेलच्या तळाशीही तेच द्यावं लागतं. आधी ते टीएमजी कायद्यात होतं, मे २०२४ पासून डीडीजीच्या पाचव्या कलमात आहे. नाव बदललं, डोकेदुखी तीच. पोस्टाची पेटी चालत नाही! 'लाडुंग्सफेहिगे आनश्रिफ्ट' हवा. हा शब्द शिकायला मला जितका वेळ लागला तितक्यात पुरणपोळीचा घाट झाला असता. अर्थ काय, तर कोर्टाचं समन्स जिथे बजावता येईल असा पत्ता. आणि पत्ता नसला तर सरकार येण्याआधी एखाद्या स्पर्धकाचा वकील नोटीस पाठवतो, वर त्या नोटिशीची फी तुमच्याकडूनच मागतो.

मी शाकाहारी जर्मन स्वयंपाकावर पत्रक काढते, त्यात दोन मसाल्यांच्या जाहिराती असतात. म्हणजे धंदा. दोन वर्षं घरचा पत्ता होता. मग एका को-वर्किंगवाल्यांकडून (ऑफिसची जागा भाड्याने देणारे) पत्ता घेतला. पहिल्यांदा स्वस्तातला घेतला, तर नंतर कळलं की ते फक्त पत्रं पुढे ढकलतात, माझ्या वतीने समन्स घेण्याचा अधिकार त्यांना नाही, म्हणजे तो पत्ता कायद्याने शून्य. दुसरीकडे तो अधिकार लेखी घेतला, तेव्हा सुटले.

बाराखडी, तुम्ही अमेरिकेतून पाठवताय, हे तुम्हाला लागू नाही. पण जर्मनीत बसून असं काही काढायचा विचार असणाऱ्यांनी आधी मला विचारा.

---

पेठेतला

मी पुण्यातून पाठवतो, जुन्या फाउंटन पेनांबद्दल. वाचक अर्धे अमेरिकेत. आपल्याकडे ईमेलच्या उपद्रवासाठी असा वेगळा कायदा नाही, ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) नियम फोन आणि एसएमएसचे. पण साइट अमेरिकन, त्यामुळे पत्ता द्यावाच लागला.

मी दिला मावसभावाच्या स्टेशनरी दुकानाचा. विचारून दिला, आधी म्हणाला चालेल. दोन महिन्यांनी एक गृहस्थ पेन दुरुस्तीला घेऊन दुकानात हजर. भावाने सांगितलं, आम्ही पेनं विकतो, दुरुस्त करत नाही. ते म्हणाले पण मेलमध्ये पत्ता आहे. मग दुपारी एक ते चार दुकान बंद, त्या वेळात आलेल्या दुसऱ्याने शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पेन ठेवलं. शेफर कंपनीचं! झेरॉक्सवाल्याने त्याच्याने पावत्या लिहिल्या.

आता हेड पोस्टात पोस्ट बॉक्स घेतलीय. अर्ज पोस्टमास्तरांच्या नावाने. पत्रं खिडकीवरून घ्यायची. सांगायचा मुद्दा, ओळखीच्याचा पत्ता देऊ नका. तो "हो" भिडेखातर म्हणतो.

---

हिशेबी_काका

शेफरने पावत्या, वाचवत नाही.

ताई, एक राहिलं. यादीत टोरांटोचे पालक असतील तर कॅनडाचा कायदाही बघा, १ जुलै २०१४ पासूनचा. पीओ बॉक्स तिथे चालते, पण पत्त्यासोबत फोन, ईमेल किंवा वेबसाइट यांपैकी एक काहीतरी लागतं. आणि मेल पाठवल्यापासून निदान ६० दिवस तो पत्ता चालू असला पाहिजे. म्हणजे पेटी कधी सोडायची झाली तर आधी मेलमधला पत्ता बदला, मग दोन महिने थांबा, मग किल्ली परत करा.

---

बाराखडी

सहा आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. मध्ये दिवाळी, शाळेचं स्नेहसंमेलन, दोन्ही एकदम.

पीओ बॉक्स घेतली. सगळ्यात लहान, ३ इंच बाय साडेपाच इंच, आपल्या मिसळणाच्या डब्याएवढीही नाही. अर्ज ऑनलाइन भरला, मग दोन ओळखपत्रं घेऊन आमच्या पोस्टात. गंमत म्हणजे पेटी मिळवायला त्यांना घरचा पत्ता द्यावा लागतोच, पण तो त्यांच्यापाशी राहतो. दोन किल्ल्या मिळाल्या.

साइटवरचा पत्ता बदलला. मग लक्षात आलं की जुने सात मेल तिथे 'मागील अंक' म्हणून वेबवर उघडे पडले आहेत, प्रत्येकाच्या तळाशी घर. गूगलवर आमच्या रस्त्याचं नाव आणि 'बाराखडी' टाकलं तर पहिलाच! ते सातही काढून टाकले, गोष्टी नव्याने चढवल्या. हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून इथं लिहितेय. डोमेनच्या नोंदणीतही घरचा पत्ता होता, तो नशिबाने आधीच झाकलेला निघाला. नकाशातलं घरही धूसर करायला अर्ज केला. एकदा धूसर केलं की ते परत स्पष्ट होत नाही म्हणे, होऊ नये हेच बरं. लोकांच्या इनबॉक्समध्ये गेलेले मेल मात्र परत येत नाहीत. त्याबद्दल यादीला मी काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सगळ्यांनी आधी जाऊन तेच उघडून पाहिलं असतं.

सासूबाईंना सांगितलं की आता कुणी असं अचानक दारात येणार नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ते सोलापूरचे पण नाही?"

पेटीत पहिलं पत्र आलं ते आधीच्या पेटीवाल्याच्या दाताच्या डॉक्टरचं. मग पिझ्झाची कुपनं. काल गेले तर खिडकीवरच्या बाईंनी एक पाकीट धरून विचारलं, ही कोण? वर देवनागरी वळणाच्या इंग्रजीत सासूबाईंचं नाव. पिस्कॅटवेहून. आत चार पानं मराठीत, मी वाचली नाहीत, आणि सोबत १२ डॉलरचा चेक आणि नातवाने काढलेला पानभर 'ळ'.

---

प्लेनोकर

पेटीवर सासूबाईंचं नाव नोंदवलंय का? १०९३ नंबरच्या अर्जात पेटीवर पत्रं घेणाऱ्यांची नावं लिहायची असतात. नसेल तर पुढच्या वेळी दुसरा क्लार्क असला तर पत्र परत जाईल.

---

बाराखडी

आज सकाळीच घालून आले. त्या स्वतः आल्या होत्या, पासपोर्ट घेऊन. दुसरी किल्ली आता त्यांच्याकडे आहे.